नकाशाचं अवजार कुणाच्या हातात?

(तालुका कार्यकर्ता शिबिरात नकाशा गटाने केलेल्या मांडणीचा मजकूर. जे साथी शिबिराला येऊ शकले नाहीत त्यांच्या पाड्यावर हा मोठ्याने वाचावा आणि चर्चा करावी.)



वनहक्काच्या शिबिरात कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर बोलायचं, हे काहींना उफराटं वाटेल. पण दावे मोजत फिरताना जवळजवळ प्रत्येक पाड्यावर आम्हाला एक सवाल आला. आम्ही लॅपटॉपवर वावराची हद्द दाखवतो, लोक वाकून बघतात, आणि मग कुणीतरी वडीलधारं माणूस विचारतं, "या मशीनमधल्या नकाशावाल्याचे किती पैसे भरले?" आम्ही सांगतो, मशीनचे भरले, नकाशाच्या प्रोग्रामचे नाही, तो फुकट आहे. लगेच दुसरा सवाल येतो: "फुकट कोण देतं? उद्या काय मागेल?"

हा सवाल रास्त आहे. सावकाराने पहिलं पोतं गोड बोलूनच दिलं होतं. म्हणून आज आम्ही या सवालाचं नीट उत्तर द्यायचं ठरवलं. हा प्रोग्राम कुणी केला, कसा चालतो, त्यात आपल्या जमिनीचं काय हित आहे आणि आपली जबाबदारी काय आहे, या चार गोष्टी सांगतो.

कुणी केला

आपण वापरतो त्या प्रोग्रामचं नाव क्यूजीआयएस. आधी त्याला क्वांटम जीआयएस म्हणत. २००२ साली अमेरिकेच्या उत्तर टोकाला, अलास्का नावाच्या बर्फाळ मुलखात राहणाऱ्या गॅरी शेरमन या माणसाने तो सुरू केला. त्याच्या लिनक्स कॉम्प्युटरवर नकाशाची माहिती नीट बघता येईल असा साधा प्रोग्राम त्याला हवा होता. पहिल्या आवृत्तीत फार काही जमत नव्हतं, नुसता नकाशा दिसायचा. पण त्याने एक गोष्ट केली. प्रोग्राम ज्या ओळींनी लिहिला होता त्या सगळ्या ओळी, ज्याला सोर्स कोड म्हणतात, त्याने सर्वांसाठी उघड्या ठेवल्या. मग कुणी जर्मनीतून, कुणी दक्षिण आफ्रिकेतून, कुणी ऑस्ट्रेलियातून हात लावला. पहिली पक्की आवृत्ती, म्हणजे १.०, यायला जानेवारी २००९ उजाडला. सात वर्षं लागली.

त्याने तरी सगळं एकट्याने कुठे केलं? नकाशाच्या तऱ्हेतऱ्हेच्या फाइली वाचायचं काम जीडीएएल नावाचा दुसरा खुला प्रोग्राम करतो. तो फ्रँक वॉर्मरडॅम या कॅनडाच्या माणसाने १९९८ मध्ये सुरू केला. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायचं गणित प्रोज नावाचा प्रोग्राम करतो. तो अमेरिकेच्या भूगर्भ खात्यात लिहिला गेला. खिडक्या आणि बटणं ज्यातून आली ते क्यूटी नॉर्वेतलं.

ग्रास नावाच्या प्रोग्रामची गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९८२ पासून तो अमेरिकेच्या लष्कराच्या एका संशोधन शाळेत बनला, लष्कराच्या ताब्यातल्या जमिनी सांभाळायला. पुढे लष्कराने काम सोडलं. मग विद्यापीठातल्या लोकांनी ते उचललं आणि १९९९ मध्ये खुल्या परवान्याखाली आणलं. आज क्यूजीआयएसच्या आतून तो चालवता येतो. लष्करी जमिनीसाठी घडवलेल्या अवजाराने आज आपण नेवाडाची हद्द बघू शकतो.

आपल्याकडे एकाचं घर शाकारायला सगळा पाडा येतो. सातपुड्यात त्याला लाह म्हणतात, देशावर इर्जिक. कुणी बांबू आणतो, कुणी गवत, कुणी नुसता वर चढून बांधतो. हा प्रोग्राम तसा बांधला गेला आहे. फरक एवढाच की येणारे एकमेकांपासून हजारो मैल लांब आहेत आणि घर कुणा एकाचं नाही.

फुकट म्हणजे काय

आता "उद्या काय मागेल" याचं उत्तर. या प्रोग्रामचा परवाना आहे, त्याला जीपीएल म्हणतात. त्यात चार हक्क लिहिले आहेत. कशासाठीही वापरा. उघडून आत कसा चालतो ते शिका. हवा तसा बदला. नक्कल करून दुसऱ्याला द्या. एक अट आहे. बदलून दुसऱ्याला दिला, तर बदललेल्या ओळीही याच चार हक्कांसकट द्यायच्या. म्हणजे एखादी कंपनी तो घेऊन, थोडी रंगरंगोटी करून, कुलूप लावून विकू शकत नाही. पैसे घ्यायला बंदी नाही, कुलूप लावायला आहे. आणि एकदा आपल्या हातात आलेली आवृत्ती कुणी परत मागू शकत नाही.

हे समजायला लांब जायला नको. ही पत्रिका ज्या सायक्लोस्टाइल मशीनवर निघते ते आपलं आहे. स्टेन्सिल आपण कापतो. शाई फुटली तर कुठला स्क्रू आवळायचा हे आपल्याला माहीत आहे. कुणाचं झाकण सील केलेलं नाही. म्हणून काय छापायचं हे आपण ठरवतो. नकाशाच्या अवजाराचंही तसंच हवं.

पण फुकट म्हणजे बिनखर्चाचा नव्हे. कुणाचा तरी वेळ आणि पैसा त्यात जातोच. काही लोक रात्री घरी बसून काम करतात. काहींना त्यांच्या कंपन्या पगार देतात, कारण त्या कंपन्यांचा धंदा या प्रोग्रामवर उभा आहे. काही ठिकाणी सरकारं पैसे देतात. स्वित्झर्लंडमधल्या सोलोथर्न या प्रांताच्या सरकारने तो फार आधी वापरायला घेतला, आणि आपल्याला लागणाऱ्या सोयी पैसे देऊन करून घेतल्या. त्या सोयी सगळ्या जगाला मिळाल्या. म्हणजे पैसेवाल्याची गरज आधी भागते, हेही खरं. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने आपली गरज मांडायला उभं राहिलं पाहिजे, नाहीतर ती कुणाला कळणार नाही.

काम कसं चालतं

आपल्याला वाटतं की कुणीतरी मोठा साहेब ठरवत असेल. तसं नाही. कुणाला प्रोग्राममध्ये दोष सापडला की तो उघड्या वहीत नोंदवतो. कुठली आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. दुसरा कुणी तसंच करून बघतो. दोष खरा निघाला तर कुणीतरी दुरुस्ती लिहितो. ती दुरुस्ती थेट आत जात नाही, आधी दुसरा जाणकार तपासतो, प्रश्न विचारतो. मोठा बदल असेल तर आधी लेखी प्रस्ताव, त्यावर सगळ्यांसमोर चर्चा. कुणी काय बदललं, कधी बदललं, याची नोंद ओळीओळीला राहते. आपल्या ग्रामसभेच्या ठराववहीत इतकी स्वच्छ नोंद राहिली असती तर निम्मे दावे परत आले नसते!

साधारण दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. वर्षातून एक आवृत्ती लांब पल्ल्याची असते. तिच्यात नव्या सोयी घालत नाहीत, फक्त दोष काढतात. आपण सगळ्या तालुक्यांत तीच वापरायची. एकाकडे जुनी, एकाकडे नवी, असं झालं की एकाची फाइल दुसऱ्याकडे नीट उघडत नाही आणि दाव्याचं काम अडतं.

आणखी एक. काम करणारी मंडळी एरवी लांबूनच बोलतात, पण अधूनमधून एका गावात जमतात आणि काही दिवस एकत्र बसून काम करतात. बऱ्याच आवृत्त्यांना अशा गावांची नावं आहेत: लिस्बन, व्हिएन्ना, गिरोना. आपल्या शिबिरासारखंच आहे ते. लांबून कितीही बोला, एका पंगतीला बसल्याशिवाय अडलेलं काम सुटत नाही.

आपल्या जमिनीचा काय संबंध

आता मुद्द्यावर येतो. आमच्यासमोर घडलेलं सांगतो. एका कचेरीत दावा नामंजूर करताना पडद्यावर उपग्रहाचं चित्र दाखवलं. त्यावर हिरवा डाग होता. सांगितलं, "२००५ मध्ये इथे जंगल होतं, शेती नव्हती." आम्ही विचारलं, हे चित्र कुठल्या उपग्रहाचं, कुठल्या महिन्याचं, क्षेत्र कुठल्या रीतीने काढलं? उत्तर आलं, "मशीन खोटं बोलत नाही."

मशीन खोटं बोलत नसेल, पण त्याला काय विचारलं त्यावर उत्तर ठरतं. आपला कायदा १३ डिसेंबर २००५ ही तारीख धरतो. त्या काळातलं भारतीय उपग्रहाचं लिस-३ चित्र घेतलं तर त्यातला एक ठिपका साडेतेवीस मीटर लांब आणि तितकाच रुंद. म्हणजे जवळपास साडेपाच गुंठे जमीन एकाच रंगात! एका एकराच्या वावरात असे सात-साडेसात ठिपके मावतात. बांधावर चार मोहाची झाडं असली की ठिपका हिरवा. २००५ च्या मे महिन्यात सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाचा ठिपका अडीच मीटरचा आहे, त्यात बांध ओळखू येऊ शकतो. दोन्ही चित्रं खरी. पण कुठलं पुढे ठेवलं यावर माणसाची जमीन ठरते.

क्षेत्राचंही तसंच. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र काढायच्या दोन रीती आहेत. एक पृथ्वीचा गोलवा धरून काढते, दुसरी सपाट कागदावरची आकृती मोजते. दोन्हींत फरक येतो. आपल्या अक्कलकुवा, धडगाव, शहादा भागात तो हेक्टरमागे पाच ते आठ चौरस मीटर इतकाच. म्हणजे दाव्यातले पाच-दहा गुंठे कमी झाले आणि कुणी म्हणालं की हा गणिताचा फरक आहे, तर ऐकू नका. गणित एवढं खात नाही, दुसरीकडे कुठेतरी कापलं गेलं आहे.

सपाट मोजताना पट्टाही बरोबर निवडायचा. महाराष्ट्राच्या मधून ७८ अंश रेखांश जातो. त्याच्या पश्चिमेला, म्हणजे नंदुरबार, पालघर, मेळघाट, हे ४३ व्या पट्ट्यात येतात. गडचिरोली ४४ व्या पट्ट्यात. तिकडच्या साथींची फाइल इकडच्या पट्ट्यात मोजली तर चूक व्हायची.

आणि डोंगराचं विसरू नका. ३० अंशांच्या उतारावर तुम्ही १०० मीटर चाललात तर नकाशावर सुमारे ८७ मीटरच भरतात. दोरीने मोजलेलं आणि नकाशातलं जुळलं नाही म्हणून भांडायच्या आधी उतार बघा. सरकारी मोजणीही आडव्या अंतराची असते.

आता सांगा, हे सगळं आम्हाला कसं कळलं? कुलूपबंद प्रोग्राममध्ये कंपनी सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. इथे कुठल्या आकड्याला काय केलं ते उघडून बघता येतं. आपल्याला स्वतःला त्या ओळी वाचता येत नसतील, पण कॉलेजात शिकणारी आपली पोरं वाचतील, वकील दुसऱ्या जाणकाराला दाखवतील. अपिलात आपण लिहू शकतो की क्षेत्र या रीतीने, या आवृत्तीत काढलं, तुम्हीही काढून बघा, खर्च नाही. समोरच्याला तोच आकडा मिळाला पाहिजे. ज्याची पडताळणी होते त्याला पुरावा म्हणायचं.

अवजार खुलं, गावाची माहिती गावाची

इथे एक घोटाळा होतो तो मिटवू. प्रोग्राम खुला म्हणजे आपला नकाशा खुला असं नाही. परवाना प्रोग्रामच्या ओळींना लागतो, त्यातून काढलेल्या नकाशाला नाही. कुठल्या घळीत कुठलं औषध मिळतं, देवराईची वाट कुठून, पाण्याचा झरा कुठे, हे आपण सामूहिक हक्काच्या नकाशात भरतो. ती माहिती ग्रामसभेची आहे. कुणाला द्यायची, किती द्यायची, हे ग्रामसभा ठरवेल.

म्हणूनच आम्ही टेबलावरच्या मशीनमध्ये चालणारा प्रोग्राम धरला. तो इंटरनेटशिवाय चालतो. धडगावच्या वरच्या पाड्यांवर टॉवर नाही, वीज जाते-येते. लॅपटॉप भरून नेला की तीन-चार तास काम होतं, आणि माहिती लॅपटॉपमध्येच राहते. दूरच्या कुणाच्या मशीनवर जात नाही. मागे पार्श्वभूमीला इंटरनेटवरचं चित्र लावलं तर मात्र आपण कुठला भाग बघतो ते चित्र देणाऱ्याला कळतं. देवराईचं काम करताना जोडणी बंद ठेवा.

आपला वाटा

लाहला जो नुसता जेवायला येतो त्याला पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही. प्रोग्राम आपण घेतला, आता आपला हात कुठे लागणार? आम्ही चार कामं सुचवतो.

पहिलं, दोष नीट नोंदवणं. "चालत नाही" असं फोनवर सांगून उपयोग नाही. आवृत्ती कुठली, काय दाबलं, काय झालं, हे वहीत लिहून आणा. देवनागरीतली जोडाक्षरं छापताना तुटली तर त्याचा नमुना ठेवा. अलास्का किंवा जर्मनीत बसलेल्याला "ज्ञ" तुटलेला कधी दिसणार नाही. तो आपणच दाखवायचा.

दुसरं, फाइलीची शिस्त. जुनी शेपफाइल सगळीकडे चालते, पण तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच जागा आहेत आणि देवनागरीचं एक चिन्ह सहसा तीन जागा खातं. म्हणून "दावेदाराचं नाव" लिहिलं तर "दाव" एवढंच उरतं. शिवाय तिच्या तीन-चार फाइली असतात, एक मागे राहिली की सगळं गेलं. आता जिओपॅकेज वापरा. एकच फाइल, नावं पूर्ण राहतात, आणि तीही खुल्या रीतीची आहे.

तिसरं, भाषा. प्रोग्रामच्या बटणांवरचे शब्द वेगळ्या फाइलीत असतात. मूळ ओळींना हात न लावता त्यांचा तर्जुमा करता येतो, त्याला इंजिनिअर लागत नाही. 'लेयर'ला काय म्हणायचं यावर आमच्या वर्गात भांडण झालं. पुस्तकी माणसं "स्तर" म्हणाली, बाया म्हणाल्या "पदर", एकावर एक ठेवता येतो, वरचा उचलला की खालचा दिसतो. आम्हाला पदर पटला. मराठीही आपल्यापैकी अनेकांची शाळेतली भाषा आहे, घरात पावरी आणि भिली. बटणं मराठीत होतील तेव्हा होतील, पण नाल्यांची, टेकड्यांची, वावरांची नावं आजपासून पावरी-भिलीत भरा. सरकारी नकाशात जे नाव नाही ते आपल्या नकाशात असलं पाहिजे.

चौथं, शिकवणं. प्रत्येक पाड्यावर किमान दोन जण तयार हवेत, त्यात एक बाई. एकच पोरगा जाणकार असला आणि तो ऊसतोडीला गेला की आपलंही कुलूप लागतं.

नकाशा मोठा की ग्रामसभा

शेवटी इशारा. हे अवजार आवडलं म्हणून त्याच्या आहारी जाऊ नका. २०१२ च्या सुधारित नियमांत साफ लिहिलं आहे की उपग्रह चित्रासारखं तंत्र दाव्याच्या पुराव्याला पूरक म्हणून वापरायचं, बाकी पुरावे बाजूला सारून एकटंच धरायचं नाही. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. बांध, सपाटीकरण, घर हा पुरावा आहे. दंडाची जुनी पावती हा पुरावा आहे. उद्या आपणच म्हणायला लागलो की नकाशात आलं तेच खरं, तर ज्याच्याकडे मोठं मशीन त्याचा निकाल लागेल.

१३ फेब्रुवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा हुकूम आठवा. नामंजूर दावेदारांना काढा, आणि अतिक्रमणाची उपग्रहाने पाहणी करा, असं त्यात होतं. २८ फेब्रुवारीला काढण्याला स्थगिती मिळाली, म्हणून आज आपण इथे बसलो आहोत. पण आकाशातून बघणारे बघत राहणार. तेव्हा खालून बघणाऱ्याकडेही अवजार हवं, ते त्याला उघडता यायला हवं, आणि त्याच्या पाठीशी ग्रामसभेचा ठराव हवा.

पुढच्या महिन्यात प्रत्येक वनहक्क समितीने नामंजूर दाव्यांची यादी, जीपीएसची वही आणि दोन शिकणारी माणसं घेऊन यावं. अपिलाला साठ दिवसांची मुदत असते. आदेशाची तारीख बघून मुदत जवळ आलेले दावे आधी घेऊ.

जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!

नकाशा गट